इंजिन बांधून आणल्यावर पहिले ऑइल कोणते घालावे?

आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांपैकी अनेकांच्या दारात एखादी जुनी गाडी उभी असते. कुणाचा टेम्पो असतो, कुणाची जीप, तर कुणाची वडिलांच्या हातची मोटार. इंजिन थकले, धूर मारू लागले की गाडी मोडीत काढून नवी घेण्याची ऐपत प्रत्येकाची नसते. मग इंजिन उतरवून ते नव्याने बांधून घेतले जाते. ब्लॉक लेथवाल्याकडे जाऊन बोअर होतो, ओव्हरसाइज पिस्टन येतात, रिंगा, बेअरिंग, गॅस्केट नवे पडतात. एवढा खर्च झाल्यावर, गाडी सुरू करण्याच्या अगदी आधी मिस्त्री विचारतो, "शेठ, ऑइल कोणते टाकू?" आणि मालक म्हणतो, "सर्वांत चांगले असेल ते टाका."

आम्हीही हेच म्हटले होते, आणि त्यापायी आमचे इंजिन दुसऱ्यांदा उघडावे लागले. सदर लेख त्या अनुभवातून लिहिला आहे. आमचा धंदा कापडाचा. गॅरेजची विद्या आम्ही शिकलेलो नाही. तथापि पदरचे पैसे गेल्यावर आम्ही चार उस्तादांना विचारले, डब्यांवरील अक्षरे लावून पाहिली, आणि जे समजले ते येथे मांडत आहोत.

आमची गाडी प्रीमियर पद्मिनी. अब्बांनी घेतलेली. कुर्ल्याच्या कारखान्यात या गाड्या बनत, तेथील उत्पादन बंद होऊनही आता वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत तिची नोंद झालेली शेवटची गाडी २९ ऑक्टोबर २००३ ची होती. टॅक्सीला वीस वर्षांची मुदत असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी म्हणून रस्त्यावरून गेली. खासगी मालकांकडे मात्र ती अजून आहे, आणि सुटे भाग हुडकणारे लोक चोर बाजार व कुर्ल्याच्या गल्ल्या आजही धुंडाळतात. इंजिन १०८९ सी.सी.चे, पुशरॉडचे, साधे आणि सोशिक. अब्बांनी तिच्या मागच्या सीटवर कापडाचे ताके लादून भिवंडी ते मुंबई किती फेऱ्या मारल्या, त्याचा हिशेब नाही.

पहिली गोष्ट समजून घ्यावयाची ती अशी की, बांधून आणलेले इंजिन अजून तयार झालेले नसते. त्याचे शेवटचे काम गॅरेजमध्ये होत नाही, ते गाडी चालताना होते. बोअर केल्यावर लेथवाला सिलिंडरच्या आत होनिंगचे दगड फिरवतो. त्याने भिंतीवर एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या बारीक रेघा उमटतात. उजेडात धरून पाहिल्यास जाळीदार कापडाची वीण असावी तशी ती भिंत दिसते. या रेघांच्या खोबणीत ऑइल धरून राहते. रेघांच्या कडा मात्र धारदार, खरबरीत असतात. नव्या रिंगेचा काठही भिंतीशी सर्व बाजूंनी बरोबर जुळलेला नसतो. इंजिन चालू लागले की रिंग आणि भिंत एकमेकींना घासतात, वरचे उंचवटे झिजतात, खोबणी मात्र शिल्लक राहतात, आणि रिंग भिंतीला घट्ट बसते. यालाच मिस्त्री लोक "रिंग बसणे" म्हणतात. ही झीज हवीच असते. ती बेताची, योग्य जागी आणि सुरुवातीच्या थोड्या काळातच व्हावी लागते, आणि पहिल्या ऑइलने तीत अडथळा आणता कामा नये.

आता रिंग भिंतीवर दाबली जाते ती कशाने? तिच्या स्वतःच्या ताणाने थोडीशी. खरा दाब येतो तो जळालेल्या वायूचा. सिलिंडरमध्ये स्फोट झाला की वायू रिंगेच्या मागे शिरतो आणि तिला बाहेर, भिंतीकडे ढकलतो. पॅडल जेवढे दाबाल, इंजिनवर जेवढे काम पडेल, तेवढा हा दाब अधिक. गाडी जागेवर उभी ठेवून इंजिन नुसते मंद चालू ठेवले, तर हा दाब जवळजवळ नसतोच. रिंग भिंतीवरून अलगद सरकत राहते. भिंतीवर राहिलेले ऑइल उष्णतेने करपते, त्याचा चकचकीत थर खोबण्यांत भरतो, आणि भिंत काचेसारखी गुळगुळीत होते. एकदा ही चकाकी आली की पुढे रिंग बसत नाही. इंजिन ऑइल खाते ते खातच राहते.

नेमके हेच आमच्या हातून घडले. गाडी बांधून झाली तेव्हा आम्ही दुकानात जाऊन सर्वांत महाग सिंथेटिक ऑइलचे डबे आणले. मिस्त्री म्हणाला होता, "शेठ, याची आत्ता गरज नाही, साधे टाकू." आम्हाला वाटले, हा आपले पैसे वाचवू पाहतो आहे. कापडात आम्ही नेहमी पाहतो की सुताचा काउंट चांगला तर भाव चांगला, आणि भाव चांगला तर माल टिकतो. तोच हिशेब आम्ही ऑइलला लावला. वर आणखी, इंजिन नवे आहे, त्याला त्रास नको, म्हणून रोज सकाळी अंगणात अर्धा-पाऊण तास गाडी जागेवरच चालू ठेवत होतो. रस्त्यावर नेली तरी पस्तीस-चाळीसच्या वर नाही. मागच्या काचेवर "रनिंग इन" असा कागद चिकटवून जाणाऱ्या गाड्या आम्ही लहानपणी पाहिलेल्या. त्या कागदाचा अर्थ आम्ही "कासवासारखे चाला" असा धरला होता.

आठशे किलोमीटर झाले तरी मागून निळसर धूर येतच होता. ऑइलकाडी दर आठवड्याला खाली उतरत होती. प्लग काढले तर ओले, काळे. दुसऱ्या एका जाणत्या कारागिराने हेड उतरवले आणि आम्हाला जवळ बोलावून बॅटरीचा उजेड आत टाकला. होनिंगच्या रेघा जवळपास दिसत नव्हत्या, भिंत आरशासारखी चमकत होती. "चाचा, पिस्टन ठीक आहे, बोअर ठीक आहे. रिंग बसलीच नाही," एवढेच तो बोलला. पुन्हा होनिंग, पुन्हा रिंगांचा नवा संच, पुन्हा गॅस्केट, पुन्हा मजुरी. पहिल्या मिस्त्रीचा यात काही दोष नव्हता, हे येथे स्पष्ट लिहितो. आम्ही नंतर त्याच्याकडे जाऊन तसे सांगूनही आलो.

दोष ऑइलचा किती आणि अंगणात गाडी चालू ठेवण्याचा किती, याविषयी उस्तादांत एकमत नाही. आमच्या दुसऱ्या कारागिराच्या मते चार आण्यांचा दोष ऑइलचा, बारा आण्यांचा अंगणाचा. आज कित्येक नव्या मोटारी कारखान्यातूनच सिंथेटिक ऑइल भरून बाहेर पडतात, अमेरिकेत कॉर्व्हेट गाडी १९९२ पासून तशी येते. त्या चालतात, त्यांच्या रिंगा बसतात. म्हणजे सिंथेटिकने रिंग कधीच बसत नाही असे म्हणणे खोटे ठरेल. पण कारखान्यात सिलिंडरच्या भिंतीवरचे उंचवटे शेवटच्या हाताने आधीच कापून ठेवलेले असतात, मापे काट्यावर असतात. आपल्या लेथवाल्याचे काम हाताच्या अंदाजाने होते. तेथे झिजण्याचे काम अधिक शिल्लक राहते, आणि घर्षण कमी करण्यासाठीच बनवलेले ऑइल त्या कामात मदत करत नाही. शिवाय पहिले ऑइल लवकर काढून टाकायचे असते. जे थोड्या किलोमीटरांनी फेकायचे, त्यावर चौपट पैसे घालण्यात व्यापाऱ्याला तरी काय हशील?

यंत्रमागाच्या धंद्यातील बांधवांना हे एका उदाहरणाने चटकन समजेल. ताण्याच्या सुताला आपण सायझिंगमध्ये कांजी देतो. ती कांजी कापडासाठी नसते, मागावर सूत घासले जाते ते सोसण्यासाठी असते. कापड विणून झाले की प्रोसेसमध्ये ती धुऊन टाकली जाते. कांजी कितीही उंची असली तरी कापडात ठेवायची नसते. पहिल्या ऑइलचे तसेच आहे. थोडा वेळ काम करून, सुटलेले लोखंड सोबत घेऊन त्याने बाहेर पडावयाचे असते.

तर मग कोणते घ्यावे? आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले, त्यामुळे डब्यावरचे इंग्रजी आम्हाला नातवाकडून वाचून घ्यावे लागले. त्यात दोन गोष्टी पाहाव्यात. एक, जाडी. ती एसएईच्या आकड्यात लिहिलेली असते, जसे २० डब्ल्यू-४०, २० डब्ल्यू-५०, १५ डब्ल्यू-४०. डब्ल्यू म्हणजे हिवाळा. पहिला आकडा थंड इंजिनात ऑइल किती पातळ राहते ते सांगतो, दुसरा तापलेल्या इंजिनात ते किती जाड राहते ते सांगतो. पद्मिनीसारख्या जुन्या पेट्रोल गाडीला आपल्या हवेत २० डब्ल्यू-४० किंवा २० डब्ल्यू-५० ठीक. डिझेल टेम्पोला बहुधा १५ डब्ल्यू-४०. गाडीच्या पुस्तिकेत जी जाडी दिली असेल तीच पहिल्या दिवसापासून घालावी. पहिल्यांदा पातळ आणि मग जाड, असले प्रयोग करू नयेत. अलीकडच्या गाड्यांना ५ डब्ल्यू-३० वा त्याहून पातळ लागते. त्यांच्या बेअरिंगची फट त्या मानाने ठेवलेली असते, तेथे आमचा २० डब्ल्यू-५० चा सल्ला लावू नये.

दुसरी गोष्ट दर्जा. एपीआयच्या पुढे दोन अक्षरे असतात, पेट्रोलसाठी एस आणि डिझेलसाठी सी ने सुरू होणारी. एस नंतरचे अक्षर जसजसे पुढे जाते तसतसे ऑइल नवे. २००४ ला एसएम आले, २०१० ला एसएन, २०२० ला एसपी. येथे एक खाच आहे. ऑइलमध्ये जस्त आणि फॉस्फरस यांचे एक संयुग घालतात, त्याला झेडडीडीपी म्हणतात. धातूवर धातू दाबून घासतो तेथे ते पातळ कवच धरते. पुशरॉडच्या जुन्या इंजिनात कॅमशाफ्टचा उंचवटा आणि सपाट टॅपेट यांच्यात जबर दाब असतो, तेथे याची फार गरज. परंतु फॉस्फरसमुळे सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी होतो. आपल्याकडे चार महानगरांत १९९५ च्या एप्रिलपासून नव्या पेट्रोल मोटारींना तो सक्तीचा झाला. म्हणून पुढे पुढे ऑइलमधील फॉस्फरस घटवत नेला गेला. एसएमपासून पातळ प्रतीच्या, म्हणजे ५ डब्ल्यू-३०, १० डब्ल्यू-३० वगैरे ऑइलात तो ०.०८ टक्क्याच्या वर नसावा असा नियम आहे. २० डब्ल्यू-५० सारख्या जाड ऑइलाला ती वरची मर्यादा नाही. म्हणजे ज्यांच्या इंजिनात नवा कॅमशाफ्ट आणि सपाट टॅपेट बसवले आहेत, त्यांनी पातळ ऑइलापासून तर दूरच राहावे. ज्या गाड्यांत टॅपेटला रोलर आहे, त्यांना ही चिंता नाही.

परदेशात "ब्रेक-इन ऑइल" या नावाने खास डबे मिळतात. साधे खनिज ऑइल, जस्त-फॉस्फरस अधिक, घर्षण कमी करणारे द्रव्य नाही. येथे ते मिळालेच तर घ्यावे, नाही मिळाले तर त्यासाठी गाडी अडवून ठेवू नये. नामांकित कंपनीचे खनिज ऑइल, योग्य जाडीचे, सीलबंद डब्यातले, एवढे पुरे. आज दुकानात २० डब्ल्यू-४० किंवा २० डब्ल्यू-५० मागितले तर दुकानदार बहुतेक वेळा मोटारसायकलचा डबा पुढे करतो. त्यावर जासो एमए असे लिहिलेले असले तर गोंधळू नका. मोटारसायकलचा क्लच ऑइलात बुडालेला असतो, तो घसरू नये म्हणून त्या ऑइलात घर्षण कमी करणारे द्रव्य घालत नाहीत. आपल्या कामाला हे सोयीचेच आहे.

सुटे ऑइल मात्र घेऊ नये. ड्रममधून मापून देतात ते कशाचे गाळलेले असते, कोण सांगणार? बाटलीत मिळणारी "इंजिन ट्रीटमेंट"ची औषधेही पहिल्या हजार किलोमीटरांत नकोत. पुष्कळशी घर्षण कमी करण्यासाठीच असतात. जुने मिस्त्री "बिनसाबणाचे", म्हणजे डिटर्जंट नसलेले एकेरी ३० नंबरचे ऑइल आणा म्हणतात. तो सल्ला फार जुन्या काळचा. तसल्या ऑइलात कॅमला लागणारे संरक्षणही नसते.

ऑइलाच्या आधी एक काम आहे, त्याविषयी आम्ही थोडे अधिकाराने बोलू शकतो, कारण ते कापडाचे आहे. होनिंग झाल्यावर दगडाचा बारीक कस खोबण्यांत अडकून राहतो. तो राहिला तर कोणतेही ऑइल रिंगांना वाचवू शकत नाही. रॉकेल वा पेट्रोलने पुसल्यास तो निघत नाही, उलट खोबणीत खोल बसतो. गरम पाणी, साबणाची पूड आणि ब्रश यांनी भिंत घासून धुवावी, लगेच वाळवावी, आणि ऑइलात भिजवलेल्या पांढऱ्या कापडाने पुसावी. कापडावर करडा डाग येईल तोवर पुन्हा धुवावे. डाग यायचा थांबला की भिंतीला ऑइल लावून ठेवावे, नाहीतर पाण्याने गंज धरतो.

हे कापड कोणते? गॅरेजमध्ये वापरतात ते कॉटन वेस्ट येथे चालणार नाही, त्याचे तंतू सुटतात आणि ऑइलाच्या वाटा अडवतात. कोरे कापडही नको, त्यात कांजी असते, ते ऑइल शोषत नाही. दाट विणीचे पॉपलीन, पाच-सात वेळा धुतलेले, सर्वांत उत्तम. घरातला जुना पांढरा सदरा फाडला तरी चालेल. मालकाने हे काम स्वतः उभे राहून करून घ्यावे, लाज वाटू देऊ नये.

आता पहिल्यांदा सुरू करण्याविषयी. कॅमच्या उंचवट्यांना आणि बेअरिंगला बांधतानाच जाड वंगण लावलेले असावे. ऑइल भरल्यावर प्लग काढून स्टार्टर थोडा थोडा मारावा, ऑइलच्या दाबाचा लाल दिवा विझला की थांबावे. मग प्लग लावून सुरू करावे. पाणी, पेट्रोल, टायमिंग सर्व आधीच जुळलेले असावे, कारण सुरू झाल्यावर ते बंद करून दुरुस्त करत बसणे परवडत नाही. कॅमशाफ्ट नवा असेल तर इंजिन मंद न ठेवता सुमारे दोन हजार फेऱ्यांवर, थोडे कमी-जास्त करत, वीस मिनिटे चालवावे. मंद गतीत कॅमवर ऑइल पुरेसे उडत नाही. पद्मिनीत फेऱ्यांचा काटा नाही, तेथे मिस्त्रीच्या कानावर विसंबावे. पाणी तापू लागले तर बंद करावे, तेथे हट्ट नको.

त्यानंतर गाडी रस्त्यावर. तिसऱ्या गिअरमध्ये तीसवरून पन्नास-साठपर्यंत पॅडल नीट दाबून वेग वाढवावा, मग पाय काढून गाडीला आपोआप मंद होऊ द्यावे. असे आठ-दहा वेळा. दाबताना वायू रिंगेला भिंतीवर रेटतो, पाय काढल्यावर ऑइल वर येऊन भिंत निववते. पूर्ण पॅडल दाबून लांबवर धावू नये, वरच्या गिअरमध्ये इंजिन कण्हत चढ चढवू नये, आणि वाहतूक तुंबलेल्या वेळी बाहेर पडू नये. टेम्पोवाल्यांनी पहिले काही दिवस अर्धा माल घालावा. रिकामा फिरवला तर दाब मिळत नाही, ओव्हरलोड केला तर इंजिन तापते. ज्यांचा चुलाच त्या टेम्पोवर पेटतो, त्यांना अर्धा माल जड जातो हे आम्ही जाणतो. तरीही दुसऱ्यांदा इंजिन उघडण्याचे दिवस त्याहून अधिक भरतात.

ऑइल बदलण्याचा हिशेब असा धरावा. पहिले, पन्नास ते शंभर किलोमीटरांवर, फिल्टरसह, इंजिन गरम असताना. दुसरे, पाचशे ते हजार किलोमीटरांवर, पुन्हा फिल्टरसह. दोन्ही वेळा तेच साधे खनिज ऑइल. ज्यांना सिंथेटिक घालायची हौस आहे त्यांनी ऑइल खाणे थांबल्याची खात्री झाल्यावर, दोन-तीन हजार किलोमीटरांनंतर घालावे. ही खात्री ऑइलकाडीने होते. आम्ही दुकानाच्या रोजमेळात शेवटच्या पानावर दर शनिवारी गाडीचे किलोमीटर आणि काडीवरची खूण लिहीत होतो. दुसऱ्या वेळी सहाशे किलोमीटरांनंतर खूण खाली जाण्याची थांबली, आणि धूरही गेला.

पहिल्यांदा निघालेले ऑइल पांढऱ्या थाळीत उन्हात धरून पाहावे. बारीक चांदीसारखी झाक दिसेल, ती झिजलेल्या उंचवट्यांची. त्याची भीती नको. बोटाला टोचेल असा तुकडा, पत्रीसारखा पापुद्रा किंवा तांबूस चकाकी दिसली तर मात्र गाडी सुरू न करता मिस्त्रीला बोलवावे, बेअरिंग जात असण्याची ती खूण आहे.

हे काढलेले ऑइल गटारात ओतू नये, गॅरेजच्या पिंपात द्यावे. आणि यंत्रमागवाल्या बांधवांना एक विनंती. फुकटचे आहे म्हणून ते मागाच्या गिअरला घालू नका. त्यात लोखंडाचा कीस असतो, तो दात खातो. शिवाय एक थेंब कापडावर उडाला तर तो काळा डाग प्रोसेसमध्येही निघत नाही, आणि तसला ताका आम्ही व्यापारी पूर्ण भावाने घेत नाही.